रकाना नसलेल्या तीन गोळ्या

निपाणीत, चिकोडी रोडला माझं दुकान.
पाटीवर वर कन्नड, मग इंग्रजी, मराठी खाली बारीक.
परवान्यावर जिन्नाप्पा भरमू मगदूम.
गिऱ्हाईक म्हणतं, अण्णा, खोकल्याचं काय हाय?

आतल्या भिंतीत वीतभर लोखंडी कपाट.
त्याची किल्ली माझ्या करदोट्याला.
आंघोळीलाही ती अंगावरच असते,
बायको म्हणते, सोनं ठेवलंय का काय तिथं.
सोनं नाही. अनुसूची एक्स.
चिठ्ठी दोन प्रतींत हवी,
त्यातली एक मी दोन वर्षं सांभाळायची.
आल्या किती, गेल्या किती, कुणाला, कुणाच्या सहीनं.

मिथाइलफेनिडेट, दहा मिलिग्रॅम.
जिभेला ठेच लागावी असं नाव.
काम तसं साधं.
मेंदूत एक पेशी दुसरीच्या ओटीत डोपामिन घालते
आणि लगेच मागे ओढून घेते,
सासूनं दिलेला नारळ परत घ्यावा तसं.
गोळी तो ओढणारा हात
तीन-चार तास धरून ठेवते.
मग सोडते.

मालन घस्ते विड्या वळते.
तिचा प्रज्वल तिसरीत, भिंगरी.
शाळेनं दोनदा दाखला हातात दिला होता.
कोल्हापूरच्या डॉक्टरची चिठ्ठी कोगनोळीचा नाका ओलांडून येते,
तिला कुणी अडवत नाही.
मालन गोळ्या मोजते ती अंगठ्यानं,
न बघता,
पंचवीसची जुडी बांधायची सवय.
'अण्णा, पोरगं आता बसतंय.
पाढे म्हणतंय.
डबा मात्र तसाच परत आणतंय.'

मार्चमध्ये एक पोरगा आला, बेळगावला इंजिनिअरिंगला.
तीन पेपर राहिलेत, एक पाकीट द्या.
मी म्हटलं, चिठ्ठी.
'राहू दे, फोनवर मिळतंय की.'
कलमं मला पाठ आहेत, दंड, तुरुंग, सगळं.
मी एवढंच विचारलं, कितवी रात्र?
नोटा परत खिशात घालताना
त्याची बोटं खिसा शोधत होती.

बेळगावहून तुळजण्णवर मॅडम येतात, न सांगता.
एष्टु बंतु? एष्टु होयितु?
किती आल्या. किती गेल्या.
मी कपाट उघडतो. त्या मोजतात, मीही मोजतो,
त्या कन्नडमध्ये, मी मराठीत,
शिल्लक दोघांचीही तेहतीस.
इतक्यात समोरच्या वखारीतून खाट उठते
आणि मॅडमना सलग चार शिंका येतात.
रजिस्टरवर शिंतोडे.
त्या पानाला कुलूप नाही,
त्याच्या पोत्यावर बसून पोरं डबा खातात.
आम्ही दोघंही त्यावर काही बोलत नाही.
इल्लि सही माडि, त्या म्हणतात. मी करतो.

काल दुपारी मालन आली.
पदराच्या गाठीतून पुडी काढली,
विडीच्या पानात, विडीच्याच दोऱ्यानं बांधलेली.
आत तीन गोळ्या.
'रविवारच्या.
त्या दिवशी शाळा न्हाई, म्हणून दिली न्हाई.
दिवसभर नुसता नाचत हुता,
चार भाकऱ्या खाल्ल्या, अण्णा. चार.
डॉक्टरला सांगू नका.
कुणाच्या तरी पोराला हुतील.'

मी रजिस्टर उघडलं.
आलेल्यांना रकाना आहे, गेलेल्यांना आहे,
फुटलेल्यांना, मुदत संपलेल्यांनासुद्धा.
परत आलेल्यांना नाही.
आत ठेवल्या तर माझे छत्तीस होतात
आणि मॅडमचे तेहतीस.

म्हटलं, मालन, ह्या मला घेता येत नाहीत.
आणि डॉक्टरला तूच सांग. चार भाकऱ्यांचं आधी सांग.
ती हसली. पुडी काउंटरवरच ठेवून गेली,
तीनची पाळी चुकली असती.

संध्याकाळी शटर अर्धं ओढलं.
किल्ली पोटाला गार लागत होती.
पुडी अजून तिथंच,
वजनकाट्याशेजारी,
दोऱ्याची गाठ इतकी पक्की
की ती नखानं सुटेना,
आणि बोटांना वास तंबाखूचा.